रविवारचा फोन

सौदीतल्या दम्मामजवळच्या त्या विद्यापीठात उझमा सारंग समुपदेशक म्हणून लागली, तेव्हा तिला वाटलं होतं, आता आपल्याला श्वास घ्यायला फुरसत मिळायची नाही. देशोदेशीची पोरं शिकायला आलेली. घरापासून लांब, बाहेर भट्टीसारखं ऊन, डोक्यावर प्रबंधाचं ओझं. अशा ठिकाणी मन ठिकाणावर राहील तरच नवल. आणि खरंच, इजिप्तची मुलं यायची, पाकिस्तानची यायची. नायजेरियाचा एक उंचापुरा मुलगा तर दर आठवड्याला येऊन मनसोक्त रडायचा आणि जाताना म्हणायचा, ‘‘सिस्टर, तुम्ही फार छान बोलता.’’ त्या तासाभरात उझमाने तोंडसुद्धा उघडलेलं नसायचं.

यायची नाहीत ती फक्त चिनी मुलं. प्रयोगशाळांमध्ये बघावं तिथे ती दिसायची, वाचनालयात सगळ्यांत उशिरापर्यंत तीच बसलेली असायची, पण उझमाच्या खोलीकडे एकही फिरकत नव्हतं. तिने त्यांच्या लिपीत पत्रकं छापून घेतली. खोलीत मऊ खुर्च्या आणल्या, दिवा बदलला. वर्ष उलटलं तरी पत्रकं भिंतीवर आणि खुर्च्या रिकाम्या.

केंद्राच्या प्रमुख डॉ. मुनीरा एकदा म्हणाल्या, ‘‘त्यांना गरज नसेल. शिस्तीची मुलं आहेत.’’

उझमाला ते पटलं नाही. हर्णैच्या बंदरावर वाढलेल्या बाईला एवढं तरी ठाऊक असतं, की वर पाणी शांत दिसलं म्हणून खाली ओढ नाही असं होत नाही.

मग एका दुपारी खालच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी याओ जिंगवेनला वर पाठवलं. ही मुलगी समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या तंत्रावर संशोधन करत होती आणि तिची मोठी पात्रता परीक्षा तोंडावर आली होती. गेले दोन महिने तिचं पोट दुखत होतं. रक्त तपासून झालं, सोनोग्राफी झाली, एन्डोस्कोपीही झाली. कुठे काही सापडलं नव्हतं.

जिंगवेन खुर्चीच्या अगदी कडेला बसली. दप्तर मांडीवर, दोन्ही हात दप्तरावर.

‘‘डॉक्टरांनी मला इथे का पाठवलं?’’ तिने जपून, नीट इंग्रजीत विचारलं. ‘‘माझं डोकं ठीक आहे. पोट दुखतंय.’’

‘‘कधी कधी मनावर ताण असला की शरीर बोलायला लागतं,’’ उझमा म्हणाली. पुस्तकातलं वाक्य होतं, आणि तोंडातून बाहेर पडल्यावर ते पुस्तकातलंच वाटलं.

‘‘इथलं पाणी गार आहे,’’ जिंगवेन म्हणाली. ‘‘कॅन्टीनमध्ये प्रत्येक पेल्यात बर्फ घालतात. गारव्याने पोट बिघडतं. माझी अवस्था सध्या जरा ठीक नाही. मी ती जुळवून घेईन.’’

‘‘अवस्था म्हणजे?’’

‘‘अवस्था म्हणजे...’’ तिने जरा विचार केला. ‘‘झोप. भूक. कामात लक्ष. सगळं मिळून.’’

‘‘घरची आठवण येते?’’

‘‘घरी सगळं ठीक आहे,’’ जिंगवेन चटकन म्हणाली आणि हसली. ते हसू इतकं नेटकं होतं, की त्याच्यापुढे काही विचारायची सोयच उरली नाही. उठताना तिने दोनदा आभार मानले. पुढच्या आठवड्याची वेळ ठरवून गेली, आणि त्या वेळेला आली नाही.

संध्याकाळी घरी उझमा भाजी चिरत होती, तेवढ्यात हर्णैहून अम्मीचा फोन आला. तो स्पीकरवर टाकून, कपाटाला टेकवून ती बोलत राहिली.

‘‘काय गं, बरी आहेस ना?’’

‘‘हो अम्मी, एकदम मजेत.’’

‘‘तल्हा? त्याचं काम बरं चाललंय?’’

उझमाने बाहेरच्या खोलीकडे पाहिलं. तिचा नवरा, तल्हा, लॅपटॉपसमोर नुसता बसून होता. त्याच्या कंपनीने माणसं कमी करायला घेतली होती, त्याला नोटीस मिळाली होती, आणि दुसरीकडे कफील, म्हणजे हमी घेणारा मालक, मिळाला नाही तर इकामा, इथे राहायचा परवाना, संपणार होता.

‘‘मस्त चाललंय,’’ ती म्हणाली. ‘‘तू कशी आहेस?’’

‘‘मला काय धाड भरलीय!’’ अम्मी हसली. ‘‘तरी कालपासून उगाच पोटात कालवतंय बघ. म्हटलं, पोरीला फोन करावा.’’

फोन ठेवला तरी उझमाचा हात विळीवर तसाच थांबला होता. पोटात कालवतंय. पोटात गोळा आला. पोटात तुटलं. लहानपणापासून ती हेच ऐकत आली होती. तिच्या आईची सगळी दुःखं, सगळ्या काळज्या पोटातच राहायला होत्या. पुण्याला जाऊन मानसशास्त्र शिकल्यावर तिने ती तिथून हलवून डोक्यात नेऊन ठेवली, एवढंच. मग त्या पोरीने पोट दुखतंय म्हटलं, तर ती खोटं कुठे बोलत होती?

दुसऱ्या दिवशी तिने चिनी विद्यार्थ्यांच्या मंडळाचा अध्यक्ष कोण, याची चौकशी केली. तो होता मा बोयुआन, लान्चौ शहराकडचा, हुई जमातीचा चिनी मुसलमान. यंत्रशास्त्रात पीएचडी करत होता. तिसऱ्या प्रहरी असरच्या नमाजानंतर हमखास बॅडमिंटनच्या हॉलमध्ये सापडायचा. उझमा तिथे पोहोचली तेव्हा तो घामाने निथळत होता. तिची ओळख ऐकताच त्याचा चेहरा गंभीर झाला.

‘‘आमच्यापैकी कुणी काही केलं का?’’

‘‘कुणी काही केलं नाही. मला शिकायचंय. वर्षभर तुमच्यातलं कुणी माझ्याकडे आलं नाही. माझं काय चुकतंय?’’

बोयुआन बाकावर बसला. थर्मासमधून वाफाळतं पाणी झाकणात ओतून त्याने तिच्यापुढे धरलं. बाहेर एवढं ऊन, आणि हा गरम पाणी पाजतोय! तरी तिने घेतलं.

‘‘मॅडम, रागावू नका,’’ तो म्हणाला. ‘‘तुमची खोली जिन्याच्या तोंडाशी आहे. आत कोण शिरलं ते सगळ्यांना दिसतं. आमच्याकडे अशी समजूत आहे, की मोडलेला माणूस तिथे जातो. आणि मोडलेल्या माणसाची शिष्यवृत्ती टिकेल का, अशी भीती असते. ती खरी आहे की खोटी, कुणाला ठाऊक! पण असते.’’

‘‘मग तुम्हाला बरं वाटत नाही तेव्हा तुम्ही काय करता?’’

‘‘हे.’’ त्याने रॅकेट उचलून दाखवली. ‘‘शुक्रवारी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात सगळे मिळून रांधतो. कुणी आजारी पडलं तर पेज करून देतो. जुनी मुलं नव्यांना सांगतात, कुठल्या प्राध्यापकाशी कसं बोलायचं, भाजी कुठे मिळते. मन वगैरे आम्ही वेगळं काढून ठेवत नाही. नीट झोप, गरम जेवण, कामात थोडी प्रगती आणि आईला सांगण्यासारखी एखादी चांगली बातमी. एवढं असलं की माणूस बरा.’’

‘‘आणि चांगली बातमी नसेल तर?’’

‘‘तर फोन लहान करायचा,’’ बोयुआन म्हणाला, आणि दोघंही हसली. मग तोच हळू आवाजात म्हणाला, ‘‘तुम्ही जिंगवेनसाठी आलात ना?’’

उझमाने गरम पाण्याचा घोट घेतला. कोण आपल्याकडे आलं, हे सांगायची तिला मुभा नव्हती.

‘‘नका सांगू. आमच्या लक्षात आलंय. ती खेळायला येत नाही, शुक्रवारी येत नाही. तिच्या दाराशी सूप ठेवतो, तर डबा धुऊन परत येतो, पण दार उघडत नाही.’’

‘‘काय झालं, असं कुणी विचारलं नाही तिला?’’

‘‘विचारलं तर तिला उत्तर द्यावं लागेल,’’ बोयुआन म्हणाला. ‘‘तिला द्यायचं नसेल तर? आम्ही सूप ठेवतो. सूपला उत्तर द्यावं लागत नाही.’’

उझमा ते गरम पाणी संपवेपर्यंत तिथेच बसली. तिला वाटलं होतं, ही मुलं एकमेकांकडे लक्ष देत नाहीत. इथे तर सगळा मोहल्ला टपून बसला होता. फक्त आवाज न करता.

पुढची युक्ती बोयुआनचीच. येत्या शनिवारी बरेच जण जेवायला जमणार होते आणि त्यांना ताजे मासे हवे होते. कतीफचा मासळीबाजार लांब, आणि गाडी कुणाकडे नाही. ‘‘जिंगवेन बेटावरची आहे, चौशानची. मासे तिच्याइतके कुणालाच कळत नाहीत,’’ तो म्हणाला. ‘‘तिला मदत देऊ केली तर ती नको म्हणते. मदत मागितली तर आजवर नाही म्हणालेली नाही.’’

उझमाने डॉ. मुनीरांना विचारलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

‘‘विद्यार्थिनीला घेऊन मासळीबाजार? हे कुठल्या समुपदेशनात बसतं?’’

‘‘माझ्या खोलीत बसत नाही, एवढं कळलंय,’’ उझमा म्हणाली. ‘‘ती खोलीत येणार नाही, डॉक्टर. मला एक सकाळ द्या.’’

मुनीरांनी थोडा विचार केला. ‘‘मंडळाचा मुलगा बरोबर असू दे. आणि येताना माझ्यासाठी हामूर मासा आण. चांगला बघून.’’

शनिवारी सकाळी तिघं कतीफला गेली. गाडीत जिंगवेन मागे बसून खिडकीबाहेर बघत होती. खजुरीची झाडं मागे जात होती. उझमाने काही विचारलं नाही. बोयुआनच एकटा प्राध्यापकांच्या नकला करत राहिला.

बाजारात शिरल्यावर मात्र ती पोरगी बदलली. बर्फाच्या ढिगांमधून तिची पावलं आपोआप पुढे गेली. एका ठिकाणी तिने मासा उचलला, कल्ले उघडून आतला रंग पाहिला, नाकाशी नेला आणि खाली ठेवला. दुसरीकडे बोटाने पाठ दाबून पाहिली. मलबारी विक्रेता हिंदीत म्हणाला, ‘‘एकदम ताजा है, मॅडम!’’ तिने मान हलवली. तिला हिंदी येत नव्हतं, पण कालचा मासा ताजा म्हणून विकणारा माणूस जगात सगळीकडे एकाच सुरात बोलतो.

‘‘बरोबर आहे तिचं,’’ उझमा त्याला म्हणाली. ‘‘मीही बंदरावरची आहे. आतला काढा.’’

विक्रेता हसला आणि त्याने खालची पेटी ओढली. ‘‘जुबैदी देखो फिर.’’

पेटीत पापलेटं होती. रुपेरी, तळहाताएवढी, एकावर एक रचलेली. जिंगवेन वाकली, तिने एक हातात घेतलं आणि तशीच थांबली. बाजाराचा गलका चालूच होता, हातगाड्या जात होत्या. ती मात्र मासा हातात धरून उभी होती, आणि तिचा चेहरा हळूहळू आक्रसत गेला.

उझमाने तिच्या हातातून मासा घेऊन पेटीत ठेवला आणि तिला बाहेर गाडीत आणून बसवलं. बोयुआन शहाणा. तो म्हणाला, ‘‘मी हामूर बघतो,’’ आणि परत आत गेला.

उझमाने गाडीचा एसी लावला.

‘‘आजोबा वाफवायचे,’’ जिंगवेन म्हणाली. ‘‘आईचे वडील. आईबाबा निंगबो शहरात कामाला होते, मला त्यांनीच वाढवलं. होडीवरून आले की सगळ्यांत लहान पापलेट माझ्यासाठी बाजूला काढायचे. लहान गोड असतं म्हणून.’’

‘‘आता कुठे असतात ते?’’

‘‘वारले,’’ ती म्हणाली. ‘‘दोन महिने झाले. आणि मला हे माहीत नाही.’’

उझमाला वाटलं, भाषेचा काही घोळ झाला.

‘‘म्हणजे, मला माहीत नाही असं घरचे समजतात. परीक्षेआधी माझं मन ढळू नये म्हणून त्यांनी लपवलंय. मामेभावाने एक फोटो टाकला होता. घराचं अंगण, सगळे पांढऱ्यात, मध्ये आजोबांचा फोटो. थोड्या वेळाने त्याने काढून टाकला. मी बघितला होता.’’

‘‘आणि तू घरी काहीच बोलली नाहीस?’’

‘‘दर रविवारी आईचा फोन येतो. मी विचारते, आजोबा कसे आहेत. ती म्हणते, झोपलेत. कधी म्हणते, फिरायला गेलेत. मग मी म्हणते, त्यांना सांग, मी नीट जेवते.’’ तिने दप्तराचा पट्टा बोटाभोवती घट्ट गुंडाळला. ‘‘मी विचारलं नाही तर तिला संशय येईल. म्हणून विचारावं लागतं.’’

उझमाचे डोळे भरून आले. ते लपवायच्या भानगडीत ती पडली नाही.

‘‘रविवारी पोट जास्त दुखतं का?’’

जिंगवेनने तिच्याकडे पाहिलं. ‘‘शनिवारी संध्याकाळपासून.’’

‘‘आमच्या भाषेत गुपित पोटात ठेवतात,’’ उझमा म्हणाली. ‘‘आमच्या म्हाताऱ्या म्हणतात, फार दिवस पोटात ठेवलेलं नासतं.’’

जिंगवेन पहिल्यांदाच तिच्यासमोर खरं हसली, ओल्या डोळ्यांनी. ‘‘आमच्याकडेही असंच काहीतरी आहे.’’ मग मान हलवत म्हणाली, ‘‘पण मी सांगणार नाही. तुम्ही म्हणाल, बोल म्हणजे हलकं वाटेल. मला हलकं वाटेल, आणि आईला जड होईल. एवढे दिवस तिने माझ्यासाठी हे सांभाळलंय. मी सांगितलं तर तिचे सगळे कष्ट फुकट.’’

हे तिला चुकीचं आहे असं म्हणायला उझमाची जीभ रेटली नाही. ती एवढंच म्हणाली, ‘‘आज पापलेटं न्यायची ना?’’

‘‘न्यायची,’’ जिंगवेन म्हणाली आणि दार उघडून स्वतःच आत गेली.

त्या दुपारी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात तिने मासे वाफवले. वर आल्याचे बारीक काप, पातीचा कांदा, शेवटी कडकडीत तेल. आजोबा वर तांदळाची दारू शिंपडायचे. ती इथे मिळायची नाही, म्हणून तिने आलं जरा सढळ हाताने घातलं. बोयुआन कणीक ताणून हातभर लांब शेवया काढत होता. मासे ताटात घेतल्यावर जिंगवेनने एक लहान पापलेट वाडग्यात वेगळं काढलं, शेजारी चॉपस्टिक आडव्या ठेवल्या आणि वाडगा खिडकीपाशी नेऊन ठेवला.

कुणाला काही सांगावं लागलं नाही.

थोड्या वेळाने बोयुआन शेवयांवरची नजर न काढता म्हणाला, ‘‘माझ्या आईचं ऑपरेशन झालं होतं. मला कळलं तेव्हा ती टाके काढून घरी आली होती.’’

‘‘माझ्या बाबांचं दुकान बंद झालं,’’ कोपऱ्यातली एक मुलगी म्हणाली. ‘‘अजून मला रोज सांगतात, गिऱ्हाईक बरं आहे.’’

‘‘आमचा कुत्रा,’’ दुसरा एक जण म्हणाला. ‘‘वर्षभर त्याचे जुने फोटो पाठवत होते.’’

कुणीतरी फस्सकन हसलं, मग सगळेच हसले, आणि हसता हसता दोघी-तिघींनी डोळे पुसले. जिंगवेनही हसत होती. त्या दिवशी तिने पोटभर खाल्लं. खिडकीपाशी उभी असलेली उझमा सगळं पाहत होती. आपलं इथे काही काम नाही, हे तिला बऱ्याच दिवसांनी फार बरं वाटलं.

घरी पोहोचल्यावर तिने हात धुतले आणि अम्मीला फोन लावला. धीर सुटायच्या आतच बोलून टाकलं, ‘‘अम्मी, तल्हाची नोकरी जातेय. महिनाभर झाला. तुला सांगितलं नव्हतं.’’

पलीकडे अम्मी म्हणाली, ‘‘तरीच. तुझ्या ‘मजेत’मध्ये मजा नव्हती.’’ आणि थोड्या वेळाने, ‘‘आता तू सांगितलंसच, तर मीही सांगते. महिन्याभरापूर्वी मी पायरीवरून पडले. मनगट मोडलंय. प्लास्टर आहे. म्हणून तुला व्हिडिओ कॉल करू देत नव्हते.’’

‘‘अम्मी!’’

‘‘ओरडू नकोस. तू लांब, काय करणार होतीस? पण सांगितलं ते बरं झालं बाई. एका हाताने भाकऱ्या थापायच्या आणि पुन्हा तुझ्याशी हसून बोलायचं, दमले होते मी.’’

पुढच्या आठवड्यात जिंगवेन ठरलेल्या वेळेला आली. उझमाने आता खोली बदलून घेतली होती. वाचनालयामागे एक रिकामं दालन होतं, दोन बाजूंनी येण्याजाण्याची वाट असलेलं. तिथे कोण कशाला आलंय ते कुणाला कळायचं कारण नव्हतं. कोपऱ्यात पाण्याची मोठी किटली चालू असायची. दोघी पाणी घेऊन बसल्या.

‘‘तुला उपदेश म्हणून सांगत नाही,’’ उझमा म्हणाली आणि अम्मीची सगळी हकीकत तिने सांगितली. प्लास्टर, भाकऱ्या, व्हिडिओ कॉल, सगळं.

जिंगवेन ऐकत राहिली. ‘‘दमले होते, असं म्हणाल्या?’’

‘‘असंच म्हणाली.’’

‘‘माझ्या आईचे वडील गेलेत,’’ जिंगवेन हळूहळू म्हणाली, जणू हे वाक्य ती पहिल्यांदाच या बाजूने उच्चारत होती. ‘‘मी सारखं ‘माझे आजोबा’ असंच म्हणत होते. तिचे बाबा गेलेत. आणि दर रविवारी ती मला सांगते, ते झोपलेत.’’ ती थांबली. ‘‘तिला रडायला मिळालं असेल का?’’

जिंगवेनने पेला खाली ठेवला आणि नेहमीसारखे दोनदा आभार मानून ती गेली.

त्या रविवारी उझमा दिवसभर कामात लक्ष नसल्यासारखी होती. चीनमध्ये रात्रीची जेवणं उरकायची वेळ म्हणजे इथली ऐन दुपार. ती वेळ टळून गेली. दुसऱ्या दिवशी जिंगवेन आली ती डोळे सुजवूनच. पण चालण्यात घाई होती, कुणाला काही सांगायचं असावं तशी.

‘‘सांगितलं,’’ ती बसायच्या आधीच म्हणाली. ‘‘आईने विचारलं, जेवलीस का. मी म्हटलं, आई, आजोबांसाठी मी पापलेट केलं होतं. खिडकीत ठेवलं होतं.’’

‘‘मग?’’

‘‘ती काहीच बोलेना. मला वाटलं, फोन तुटला. मग असा आवाज आला...’’ तिला तो आवाज सांगता येईना. ‘‘माझी आई रडताना मी कधी ऐकली नव्हती. खूप रडली. बाबा फोनवर कधी येत नाहीत, ते आले. तेही रडत होते. म्हणाले, बरं झालं पोरी, रविवार आला की तुझी आई सकाळपासून आजारी पडायची.’’

‘‘रविवारी,’’ उझमा म्हणाली.

‘‘तिचंही पोट,’’ जिंगवेन म्हणाली, आणि रडता रडता तिला हसू फुटलं. ‘‘आम्ही दोघी, दोन देशांत, एकाच दिवशी.’’

मग डोळे पुसून तिने उरलेलं सांगितलं. लपवायचं ठरवलं होतं ते आईने नव्हे, आजोबांनीच. शेवटच्या दिवसांत त्यांनी सगळ्यांना जवळ बोलावून बजावलं होतं, की पोरीला कळवू नका. कळलं तर ती परीक्षा सोडून धावत येईल, आणि येईल तेव्हा मी काही घरी असणार नाही. तिला इतक्या लांब येऊन रिकाम्या घरात शिरायला लावू नका.

‘‘मला राग आला होता त्यांचा,’’ जिंगवेन म्हणाली. ‘‘घरच्या सगळ्यांचा. मला परकी केली म्हणून. आता काय करू त्या रागाचं?’’

‘‘असू दे थोडे दिवस,’’ उझमा म्हणाली. ‘‘तो चुकीचा नव्हता.’’

परीक्षेचा दिवस आला. जिंगवेन पास झाली, पण साफ नाही. परीक्षकांनी एक भाग पुन्हा लिहून आणायला सांगितला. दोन महिन्यांपूर्वी तिने हे घरी सांगितलंच नसतं. या वेळी हॉलमधून बाहेर पडताच आईला फोन केला आणि म्हणाली, एक भाग राहिलाय, तो उन्हाळ्यानंतर करीन, आधी घरी येते. आईनेही मग घरचं खरं काय ते सांगितलं. होडी विकायची की ठेवायची, यावरून मामाशी भांडण चालू होतं. जिंगवेनने तिला आपलं मत सांगितलं. आजवर तिला घरातल्या कशावर कुणी मत विचारलं नव्हतं.

पोट दुखायचं एकाएकी थांबलं असं नाही. अधूनमधून दुखायचं, विशेषतः कामाचा ताण आला की. पण ती आता बॅडमिंटनला जायची, आणि बोयुआन तिला मुद्दाम हरवायचा, कारण जिंकू दिलेलं तिला लगेच कळायचं. तल्हाला जुबैलला काम मिळालं. रोजची लांबची ये-जा होती, तरी तो शीळ घालत घरातून निघायचा.

उन्हाळ्यात जिंगवेन बेटावर जाऊन आली. आजोबांच्या थडग्यावर गवत वाढलं होतं, ते तिने आणि आईने मिळून काढलं. येताना तिने उझमासाठी सुके मासे आणले. उझमाने त्यांची हर्णैच्या पद्धतीने चटणी केली आणि डबाभर वसतिगृहात पाठवून दिली. तिखटाने तिथे हाहाकार उडाला, असा निरोप आला.

नवं सत्र सुरू झालं. किटलीच्या दालनात आता चिनी मुलं येऊ लागली होती. सगळी बोलायलाच येत असं नाही. काही पाणी घ्यायला यायची, काही निबंध वाचत बसायची, एखादा विचारायचा, की झोप लागत नाही, काय खावं. उझमा आधी खाण्याचंच सांगायची. पुढचं ज्याचं त्याला वाटेल तेव्हा निघायचं. डॉ. मुनीरा अधूनमधून येऊन पेलाभर पाणी घेऊन बसत आणि म्हणत, ‘‘नियमात अजून बसत नाही हं हे.’’

एके सकाळी जिंगवेन एका नव्या मुलीला घेऊन आली. मुलगी डोंगराळ सिच्वानकडची, येऊन आठवडाही झाला नव्हता. तिचं डोकं सारखं दुखत होतं. ती दारातच थबकली आणि आपल्या भाषेत काहीतरी कुजबुजली.

‘‘काय म्हणतेय?’’ उझमाने विचारलं.

‘‘म्हणतेय, घरी सगळं ठीक आहे,’’ जिंगवेन म्हणाली.

तिने दोन पेल्यांत गरम पाणी ओतलं, एक त्या मुलीच्या हातात दिला, एक उझमाच्या. मग दप्तर खांद्याला लावून ती बाहेरच्या बाकावर जाऊन बसली आणि आपला राहिलेला भाग काढून वाचायला लागली.